हर्मगिदोनचे राजकारण

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



२१ ऑक्टोबर १९८४ रोजी अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथे अध्यक्षपदाचे दोन उमेदवार, रोनाल्ड रेगन आणि वॉल्टर माँडेल, यांचा जाहीर वादविवाद झाला. विषय होता परराष्ट्रधोरण आणि संरक्षण. क्षेपणास्त्रे, मध्य अमेरिका, सोव्हिएत संघ यांवर प्रश्नोत्तरे चालू असता एका पत्रकाराने रेगन यांना विचारले की, जग अणुयुद्धाच्या वाटेने बायबलमधील हर्मगिदोनकडे चालले आहे असे आपण मानता काय, आणि मानत असल्यास देशाच्या अण्वस्त्रविषयक नियोजनावर त्याचा परिणाम होतो काय? रेगन यांच्या उत्तराचा आशय असा होता की, धर्मशास्त्रज्ञांशी या विषयावर आपली तात्त्विक चर्चा झाली आहे. परंतु हर्मगिदोन हजार वर्षांनी येणार की परवा येणार हे कोणासच ठाऊक नाही आणि ते गृहीत धरून आपण कोणतीही योजना सुचविलेली नाही.

हे उत्तर प्रामाणिक मानण्यास हरकत नाही. पुढे तीनच वर्षांनी, डिसेंबर १९८७ मध्ये, याच रेगन यांनी गोर्बाचेव्ह यांच्यासमवेत मध्यम पल्ल्याची क्षेपणास्त्रे नष्ट करण्याच्या करारावर सही केली. तेव्हा येथे उत्तरापेक्षा प्रश्नाला महत्त्व आहे. ज्या राष्ट्राच्या कोठारात संपूर्ण मानवजातीचा संहार करण्याइतकी अण्वस्त्रे होती, त्या राष्ट्राच्या प्रमुखास जगाच्या अंताविषयी त्याची श्रद्धा काय आहे हे जाहीरपणे विचारावे लागले. अशी वेळ का यावी?

'हर्मगिदोन' हा शब्द नव्या करारातील 'प्रकटीकरण' या शेवटच्या ग्रंथात एकदाच येतो. मगिद्दोचा डोंगर असा त्याचा अर्थ सामान्यतः लावला जातो. मगिद्दो हे इज्रेलच्या खोऱ्याच्या तोंडाशी असलेले एक प्राचीन ठाणे. इजिप्तहून सीरियाकडे जाणारा रस्ता तेथून जात असल्यामुळे खरीखुरी युद्धे तेथे पुष्कळ झाली. सप्टेंबर १९१८ मध्ये जनरल ॲलनबीने तुर्की सैन्याचा ज्या मोहिमेत निर्णायक पराभव केला तिला मगिद्दोचेच नाव आहे. तिच्यात हिंदी घोडदळाचा वाटा मोठा होता; हैफा शहर तर जोधपूर आणि म्हैसूर या संस्थानांच्या भालाईत स्वारांनी घेतले. एवढा मोठा रणसंग्राम होऊनही जगाचा अंत झाला नाही. झाले ते इतकेच की पॅलेस्टाइन तुर्कांच्या हातून ब्रिटिशांच्या हाती गेले.

या नावाभोवती आज जे भविष्यशास्त्र उभे आहे ते ख्रिस्ती धर्माइतके जुने आहे, असा समज सर्वत्र आढळतो. तो चुकीचा आहे. संत ऑगस्टीनपासून रोमन कॅथलिक परंपरेने, आणि पुढे ल्यूथर व कॅल्व्हिन यांच्या अनुयायांनीही, प्रकटीकरणातील सहस्र वर्षांचे राज्य प्रामुख्याने रूपकच मानले. आजची योजना मुख्यतः जॉन नेल्सन डार्बी या एकोणिसाव्या शतकातील अँग्लो-आयरिश धर्मोपदेशकाची. मानवी इतिहासाचे ईश्वराने निरनिराळे कालखंड पाडले आहेत. शेवटच्या खंडापूर्वी खरे श्रद्धावंत एकाएकी आकाशात उचलले जातील. मागे राहिलेल्या जगावर सात वर्षे महासंकट कोसळेल. ख्रिस्तविरोधी पुरुष सत्तेवर येईल. जेरुसलेममध्ये ज्यूंचे मंदिर पुन्हा उभे राहील. उत्तरेकडून सैन्य येईल आणि अखेर मगिद्दोच्या मैदानात सर्वनाश होऊन ख्रिस्ताचे राज्य सुरू होईल, असा हा क्रम. डार्बीने अनेकदा अमेरिकेचा प्रवास करून तो तेथे रुजविला.

त्याचा खरा प्रसार केला सायरस स्कोफील्ड या पूर्वाश्रमीच्या वकिलाने. त्याने टीपा जोडलेले बायबल १९०९ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने प्रसिद्ध केले. मूळ वचन आणि संपादकाची टीप एकाच पानावर आल्यामुळे देवाचे कोणते आणि वकिलाचे कोणते, हे वेगळे करणे सामान्य वाचकास कठीण गेले. आणखी एक प्रसंग अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने विशेष लक्षात ठेवावा असा आहे. १८९१ मध्ये, म्हणजे हर्झलचे 'ज्यू राष्ट्र' प्रसिद्ध होण्याच्या पाच वर्षे आधी, विल्यम ब्लॅकस्टोन या भविष्यवादी प्रचारकाने अध्यक्ष हॅरिसन यांना एक विनंतीपत्र सादर केले. पॅलेस्टाइन ज्यूंना मिळवून देण्यासाठी आंतरराष्ट्रीय परिषद बोलवावी, अशी त्यात मागणी होती. रशियात ज्यूंचा जो छळ चालला होता त्याविषयीची खरी कळकळही त्यामागे होती, हे नाकारता येणार नाही. पण सह्या करणाऱ्या ४१३ प्रतिष्ठितांत जॉन रॉकफेलर आणि जे. पी. मॉर्गन यांची नावे आहेत. हे दोघे आकाशात उचलले जाण्याच्या तयारीत होते असे मानण्यास कोणताही आधार नाही. ज्यात आपले काही जात नाही अशा पुण्यकर्मास धनिकांचा हातभार सहज लागतो.

१९४८ मध्ये इस्राएल स्थापन झाले आणि १९६७ च्या जूनमध्ये जेरुसलेमचे जुने शहर इस्राएलच्या ताब्यात आले. भविष्याचे घड्याळ चालू झाल्याची खात्री आता पुष्कळांना पटली. १९७० मध्ये हॅल लिंडसे याचे 'द लेट ग्रेट प्लॅनेट अर्थ' हे पुस्तक निघाले आणि पाहता पाहता त्याच्या लाखो प्रती खपल्या. त्यातील जोडाजोड पाहण्यासारखी आहे. यहेज्केलच्या ग्रंथात 'रोश', 'मेशेख', 'तुबाल' अशी नावे येतात. रोश म्हणजे रशिया, मेशेख म्हणजे मॉस्को, तुबाल म्हणजे सायबेरियातील तोबोल्स्क! प्रत्यक्षात 'रोश' या हिब्रू शब्दाचा साधा अर्थ मस्तक किंवा प्रमुख असा आहे. मेशेख आणि तुबाल हे लोक आजच्या तुर्कस्तानात राहत होते आणि असीरियन लेखांत त्यांची नोंद आहे. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात बाबिलोनच्या बंदिवासात बसलेल्या संदेष्ट्याला मॉस्को ठाऊक असणे शक्यच नव्हते, कारण ते शहर वसण्यास आणखी सतरा शतके अवकाश होता. प्रकटीकरणातील वीस कोटींच्या सैन्यासाठी चीनची योजना झाली. दहा शिंगांचे श्वापद म्हणजे युरोपीय सामायिक बाजारपेठ ठरली.

या दहा शिंगांची हकीकत मोठी उद्बोधक आहे. १ जानेवारी १९८१ रोजी ग्रीस दाखल होऊन सामायिक बाजारपेठेची सभासदसंख्या दहा झाली, तेव्हा भविष्यवाद्यांना मोठाच हर्ष झाला. पाच वर्षांनी स्पेन आणि पोर्तुगाल आले आणि श्वापदाला बारा शिंगे फुटली. ब्रिटन बाहेर पडल्यावर आज ती सत्तावीस आहेत. इस्राएलच्या स्थापनेपासून एका पिढीत, म्हणजे सुमारे चाळीस वर्षांत, अंतकाळ येईल असे लिंडसेने सुचविले होते. १९८८ साल आले आणि गेले. लिंडसे स्वतः २०२४ च्या नोव्हेंबरात वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी निवर्तला. १९९१ मध्ये सोव्हिएत संघच नाहीसा झाला, तेव्हा सद्दाम हुसेन बाबिलोनची पुनर्बांधणी करीत होता हे स्मरून इराकला ती जागा देण्यात आली. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण करताच पॅट रॉबर्टसन या वयोवृद्ध दूरचित्रवाणी-धर्मोपदेशकाने, पुतिन यांना ईश्वरच पुढे ढकलीत आहे आणि त्यांचे अंतिम लक्ष्य इस्राएल आहे, असे सांगितले. उत्तरेचा राजा पुन्हा आपल्या जागी आला. जून २०२५ मध्ये इस्राएलने आणि मागोमाग अमेरिकेने इराणवर बाँबहल्ले केले. यहेज्केलच्या यादीत पारस देशाचे नाव आहेच.

यावर केवळ हसून चालणार नाही. फेब्रुवारी १९६२ मध्ये अष्टग्रहीच्या भीतीने आपल्याकडे होमहवने झाली आणि भल्याभल्यांनी प्रवास रद्द केले, हे ज्येष्ठांच्या स्मरणात असेल. अष्टग्रहीला मात्र सैन्य नव्हते, परराष्ट्रखाते नव्हते आणि मतदारसंघही नव्हता.

जे ग्रंथ या कामी राबविले जातात ते मुळात कसले आहेत? प्रकटीकरण हे पहिल्या शतकाच्या अखेरीस, रोमन साम्राज्याच्या दडपणाखालील आशिया मायनरमधील लहान लहान ख्रिस्ती मंडळ्यांसाठी लिहिले गेले. त्यातील 'बाबिलोन' म्हणजे रोम, आणि ६६६ हा आकडा बहुतेक नीरो कैसराच्या नावाचा, याविषयी अभ्यासकांत बरेच मतैक्य आहे. साम्राज्यावर उघड लिहिता येत नव्हते म्हणून हे सांकेतिक लेखन. सहाव्या अध्यायात काळ्या घोड्यावरचा स्वार हातात तराजू घेऊन येतो आणि धान्याचा भाव पुकारला जातो. एका दिनाराला एका माणसाच्या दिवसभराच्या शिध्यापुरता गहू. जव घेतले तर त्याच्या तिप्पट. दिनार ही त्या काळची मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे दिवसभर राबून एकाच्याच पोटाला गहू मिळणार, बायकामुलांना जवावर काढावे लागणार. आणि त्याच वेळी तेल व द्राक्षारस यांना धक्का लावू नये अशी आज्ञा होते. धान्य महाग झाले असता बड्या जमीनदारांच्या नगदी पिकांना कसे संरक्षण मिळते, हे महाराष्ट्रातील कार्यकर्त्यांना समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. अठराव्या अध्यायात बाबिलोनच्या पतनावर व्यापारी रडतात आणि त्यांचा माल आता कोणी घेणार नाही म्हणून त्या मालाची यादीच दिली आहे: सोने, मोती, रेशीम, हस्तिदंत, दालचिनी, गहू, गुरेढोरे, घोडे, आणि यादीच्या अगदी शेवटी गुलाम, माणसांचे जीव. साम्राज्याच्या अर्थव्यवस्थेचा इतका नेमका ताळेबंद प्राचीन वाङ्मयात क्वचितच सापडेल.

याच परंपरेतून १५२४ मध्ये थॉमस म्युन्त्सर याने सॅक्सनीच्या राजपुरुषांसमोर दानीएलच्या ग्रंथातील स्वप्नावर प्रवचन केले आणि पुढल्याच वर्षी जर्मन शेतकऱ्यांच्या बंडात प्राण दिले. एंगल्सने त्या बंडावर ग्रंथ लिहिला तो काही केवळ कुतूहलाने नव्हे. म्युन्त्सरचे भाकीतही खोटे ठरले, परंतु ते पिचलेल्यांच्या बाजूचे होते. डार्बी-स्कोफील्ड-लिंडसे यांच्या परंपरेने त्याच पानांवरून गव्हाचा भाव आणि गुलामांची यादी बाजूला सारली. उरले ते फक्त वेळापत्रक. साम्राज्यावरील आरोपपत्र अशा रीतीने जगातील सर्वांत बलाढ्य राष्ट्राच्या हाती त्याच्याच बाजूचा पुरावा म्हणून गेले.

परंतु या योजनेचा सर्वांत घातक भाग निराळाच आहे, आणि त्याकडे पुरोगामी टीकाकारांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. तिच्यात ख्रिस्तविरोधी पुरुष प्रथम प्रकट होतो तो युद्धखोर म्हणून नव्हे, तर शांतिदूत म्हणून. दानीएलच्या नवव्या अध्यायातील एका वचनावरून असे ठरविण्यात आले आहे की तो इस्राएलशी सात वर्षांचा करार करील, जग त्याचा जयजयकार करील आणि ती शांतताच महासंकटाचा आरंभ ठरेल. ज्याने हे मनोमन स्वीकारले त्याला शस्त्रे निर्माण करणारा संशयित वाटत नाही. वाटाघाटी करणारा वाटतो. टिम लाहे आणि जेरी जेंकिन्स यांची 'लेफ्ट बिहाइंड' ही कादंबरीमाला १९९५ पासून निघू लागली आणि तिच्या सहा कोटींहून अधिक प्रती खपल्या. तिच्यातील ख्रिस्तविरोधी पुरुष संयुक्त राष्ट्रसंघाचा सरचिटणीस होतो आणि निःशस्त्रीकरणाची घोषणा करतो! संयुक्त राष्ट्रसंघाच्या दुबळेपणाविषयी समाजवाद्यांच्या तक्रारी पुष्कळ आहेत, पण सैतानाचे कार्यालय म्हणून त्याच्याकडे पाहण्याची वेळ त्यांच्यावर आलेली नाही.

हे कादंबरीपुरतेच राहिले असते तर प्रश्न नव्हता. १२ जून १९८२ रोजी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये अण्वस्त्रांची वाढ गोठवावी या मागणीसाठी सुमारे दहा लाख लोक जमले होते. अमेरिकेच्या इतिहासातील मोठ्यांतील मोठ्या निदर्शनांत त्याची गणना होते. नऊ महिन्यांनी, ८ मार्च १९८३ रोजी, फ्लॉरिडातील ऑर्लँडो येथे इव्हँजेलिकल धर्मोपदेशकांच्या राष्ट्रीय संघटनेपुढे रेगन यांनी सोव्हिएत संघाला दुष्टांचे साम्राज्य म्हटले ते भाषण केले. ते दोन शब्द जगभर गाजले. भाषणाचा तत्कालीन हेतू मात्र विसरला गेला. गोठवणुकीच्या मागणीला धर्मपीठांनी पाठिंबा देऊ नये, हा तो हेतू होता. याच्या उलट त्याच वर्षीच्या मे महिन्यात अमेरिकेच्या कॅथलिक बिशपांनी अण्वस्त्रस्पर्धेच्या विरोधात सविस्तर पत्रक काढले. बायबल दोघांचे एकच होते. तेव्हा हा वाद धर्म विरुद्ध विवेक असा मांडणे शास्त्रीय होणार नाही. वसईचे कॅथलिक आणि नगर जिल्ह्यातील प्रॉटेस्टंट मंडळ्या मराठीतून हेच प्रकटीकरण वाचीत आल्या आहेत, आणि त्यांच्या जुन्या मंडळ्यांच्या शिकवणुकीत डार्बीच्या वेळापत्रकाला स्थान नाही. अमेरिकेतील या विकृतीचे निमित्त करून येथील ख्रिस्ती शेजाऱ्याकडे बोट दाखविण्यास टपलेली मंडळी आपल्याकडे आहेत, म्हणून हे स्पष्ट केलेले बरे.

अंतकाळाच्या कल्पनेने प्रत्यक्ष आग कशी लागते याचे एक उदाहरण भारताच्या दारापर्यंत आलेले आहे. २१ ऑगस्ट १९६९ रोजी डेनिस मायकल रोहन नावाच्या अठ्ठावीस वर्षांच्या ऑस्ट्रेलियन तरुणाने जेरुसलेमच्या अल-अक्सा मशिदीत आग लावली. सलाउद्दीनने बाराव्या शतकात तेथे आणलेले लाकडी कोरीव व्यासपीठ तीत भस्मसात झाले. हा तरुण ज्यू नव्हता, ख्रिस्ती होता. डार्बीपंथाहून वेगळ्या अशा एका अमेरिकन भविष्यवादी पंथाचे मासिक तो वाचीत असे. मशीद नष्ट झाली की मंदिर उभे राहील आणि मंदिर उभे राहिले की ख्रिस्त येईल, अशी त्याची समजूत होती. इस्राएली न्यायालयाने त्याला वेडसर ठरविले. तो वेडसर होता हे खरेच. परंतु त्याच्या वेडाचा आराखडा हजारोंच्या संख्येने छापला जात होता.

त्या आगीच्या निषेधार्थ सप्टेंबर १९६९ मध्ये मोरोक्कोची राजधानी राबात येथे मुस्लिम राष्ट्रांची शिखर परिषद भरली. इस्लामी राष्ट्रांच्या संघटनेचा उगम तेथे झाला. भारताला प्रथम निमंत्रण मिळाले. फक्रुद्दीन अली अहमद यांच्या नेतृत्वाखाली शिष्टमंडळ राबातला पोहोचले. पण त्याच सुमारास अहमदाबादेत भीषण दंगल उसळून शेकडो माणसे मारली गेली होती. पाकिस्तानचे याह्या खान यांनी तिचा हवाला देऊन भारताबरोबर बसण्याचे नाकारले आणि शिष्टमंडळाला परिषदेबाहेर राहावे लागले. त्यावर लोकसभेत वादळ झाले. भारताच्या अपमानाची चर्चा पुष्कळ झाली, अहमदाबादेतील मृतांची त्या मानाने कमी झाली, आणि ज्या छापील भाकितापासून या साखळीचा आरंभ झाला त्याची चर्चा जवळजवळ झालीच नाही.

येथे एक इशारा आवश्यक आहे. अमेरिकेचे पश्चिम आशियातील धोरण यहेज्केल ठरवितो असे मानणे हा भविष्यवाद्यांचाच उलटा भ्रम होईल. तेल, सुएझचा मार्ग, सोव्हिएत संघाशी स्पर्धा आणि शस्त्रांचे कारखाने ही कारणे पुरेशी भक्कम आहेत. २०१६ च्या करारान्वये २०१९ ते २०२८ या दहा वर्षांसाठी इस्राएलला अडतीस अब्ज डॉलरांची लष्करी मदत ठरली. तिच्यातील फार मोठा हिस्सा अमेरिकेतीलच शस्त्रकारखान्यांना परत मिळतो. भाकीत हे या व्यवहाराचे कारण नाही. ते या व्यवहाराला संमती मिळवून देते. ज्या मतदाराला या खर्चातून काहीच लाभ नाही, ज्याच्या गावातील पोलादाचा कारखाना १९७७ च्या यंग्सटाउनप्रमाणे एका घोषणेसरशी बंद पडला, त्याला आपल्या जीवनाची पडझड कोणीतरी समजावून द्यावी लागते. संघटित कामगार चळवळ जेथे ते समजावू शकली नाही तेथे श्वापदाने समजावले. प्यू या संस्थेच्या २०२२ च्या पाहणीत अमेरिकेतील ३९ टक्के प्रौढांनी आपण अंतकाळात जगत आहोत असे सांगितले.

या संमतीला संघटनेचे रूपही मिळाले. टेक्सासमधील धर्मोपदेशक जॉन हॅगी यांनी २००६ मध्ये इस्राएलच्या समर्थनार्थ ख्रिस्ती लोकांची एक प्रबळ संघटना उभी केली. १४ मे २०१८ रोजी अमेरिकेचा दूतावास जेरुसलेममध्ये उघडला तेव्हा आरंभीची प्रार्थना रॉबर्ट जेफ्रेस यांनी आणि समारोपाची याच हॅगी यांनी केली. त्याच दिवशी गाझाच्या कुंपणापाशी निदर्शने करणारे सुमारे साठ पॅलेस्टिनी इस्राएली गोळीबारात मारले गेले. हे आपण इव्हँजेलिकलांसाठी केले, असे ट्रम्प यांनी २०२० मध्ये विस्कॉन्सिनच्या सभेत सांगूनही टाकले. इस्राएलच्या राज्यकर्त्यांनीही हे मित्र जोपासले आहेत. ही मैत्री विलक्षण आहे. जखऱ्याच्या ग्रंथातील एका वचनाच्या आधारे या योजनेत असे गृहीत धरलेले असते की महासंकटात ज्यूंपैकी दोन तृतीयांश नष्ट होतील आणि उरलेले ख्रिस्ताला शरण जातील. मित्राच्या अशा अंतावर ज्याची श्रद्धा आहे त्याचे साहाय्य घेणाऱ्यांचा हिशेब अगदी सरळ आहे: शस्त्रे आज मिळतात, अंत पुढे पाहता येईल.

या सर्वात ज्यांचे नावही निघत नाही ते म्हणजे पॅलेस्टाइनचे ख्रिस्ती. बेथलेहेम आणि नाझरेथ येथे पिढ्यान्‌पिढ्या राहत आलेल्या या समाजाला भविष्यवाद्यांच्या नकाशावर स्थान नाही. तेथे फक्त इस्राएल आहे आणि त्याचे शत्रू आहेत. २२ ऑगस्ट २००६ रोजी जेरुसलेमचे लॅटिन पॅट्रिआर्क मिशेल सब्बाह यांच्यासह सीरियन ऑर्थोडॉक्स, अँग्लिकन आणि ल्यूथरन धर्मप्रमुखांनी एक निवेदन काढून ही शिकवण खोटी असल्याचे जाहीर केले. प्रेम, न्याय आणि समेट यांच्या संदेशाला ती भ्रष्ट करते असा त्यांचा आक्षेप होता. टेक्सासमधील सभागृहांपर्यंत ते निवेदन पोहोचल्याचे दिसत नाही. तेथून पोहोचल्या त्या गाई. मंदिराच्या शुद्धीकरणविधीसाठी निर्दोष लाल कालवड लागते असे जुन्या करारात सांगितले आहे, म्हणून सप्टेंबर २०२२ मध्ये टेक्सासमधून अशा पाच कालवडी विमानाने इस्राएलला नेण्यात आल्या. जानेवारी २०२४ मध्ये हमासच्या प्रवक्त्याने युद्धाची कारणे सांगताना या लाल गाईंचाही उल्लेख केला. एका बाजूचे भाकीत दुसऱ्या बाजूच्या दारूगोळ्यात जमा झाले.

मगिद्दो येथे आज इस्राएलचा एक तुरुंग आहे आणि त्यात मुख्यतः पॅलेस्टिनी कैदी ठेवले जातात. २००५ मध्ये तुरुंगाच्या विस्तारासाठी कैद्यांच्या हातून उत्खनन चालू असता जमिनीखाली तिसऱ्या शतकातील एका ख्रिस्ती प्रार्थनागृहाची रंगीत खड्यांची फरसबंदी सापडली. आतापर्यंत उजेडात आलेल्या प्राचीनतम प्रार्थनागृहांपैकी ते एक मानले जाते. फरसबंदीत माशांचे चित्र आहे आणि ग्रीक भाषेतील लेख आहेत. एका लेखात रोमन सैन्यातील गायानस नावाच्या अधिकाऱ्याने स्वतःच्या पैशातून हे काम करविल्याची नोंद आहे. दुसऱ्यात अकेप्तोस नावाच्या स्त्रीने तेथील भोजनाचे मेज येशू ख्रिस्ताला स्मारक म्हणून अर्पण केल्याची. जगाच्या अंताविषयी त्या लेखांत एक अक्षरही नाही. ती फरसबंदी उचलून अमेरिकेस नेण्यात आली आणि सप्टेंबर २०२४ पासून वॉशिंग्टनमधील बायबल संग्रहालयात ती लोकांना पाहण्यासाठी मांडण्यात आली.